करोडगिरी

पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाचं राज्य होतं, उत्तरेला इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड. माल नदी ओलांडून आला की निजामाच्या नाक्यावर जकात भरावी लागे. तिला करोडगिरी म्हणत. त्या दक्षिण बाजूचं भीमपूर आज आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडल आहे, २०१६ च्या फेररचनेत तामसीपासून वेगळं निघालेलं. करोडगिरीचे नाके केव्हाच उठले. पण एका भाषेतली कविता दुसऱ्या भाषेत शिरू लागली की नाका अजून आडवा येतो, आणि काहीतरी भरल्याशिवाय तिला आत सोडत नाहीत.

*

संस्कृत श्लोकाला शेवटी यमक लागत नाही. मराठी पंडितकवींनी तेच श्लोक घेतले, शार्दूलविक्रीडित घेतलं, वसंततिलका घेतली, आणि चरणांच्या शेवटी यमक मागितलं. तेलुगूने तीच वृत्तं घेतली, पण तिची मागणी वेगळी. चारही चरणांतल्या दुसऱ्या अक्षराचं व्यंजन सारखं हवं, त्याला तिकडे प्रास म्हणतात. शिवाय ओळीच्या मध्ये ठरावीक जागी चरणाच्या पहिल्या अक्षराशी जुळणारं अक्षर हवं, ती यती. व्हर्जिलच्या लॅटिन ओळींना यमक नाही. ड्रायडनने १६९७ साली तो इंग्रजीत छापला तेव्हा दोन-दोन ओळी यमकाने बांधल्या.

यमक हा मूळ कवीने न केलेला खर्च असतो. तो भाषांतरकाराच्या नावावर पडतो, पण वसूल होतो मूळ कवीकडूनच.

*

ओळखीच्या एका घरात दोन वह्या शेजारी शेजारी पाहिल्या. मुलगा तेलुगू माध्यमातला, त्याची मामेबहीण नदीपलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातली, मराठी माध्यमातली. दोघांच्याही तोंडी यमाताराजभानसलगं. तेलुगू वहीत गुरूची खूण वाटीसारखी आणि लघूची उभी रेघ. मराठी वहीत तीच वाटी लघूची, आणि गुरूला आडवी रेघ.

'याचं सगळं उलटं आहे,' मुलगी म्हणाली.

'तुझंच उलटं,' तो म्हणाला.

लॅटिन छंदांच्या पुस्तकांतही वाटी लघूची आणि आडवी रेघ गुरूची. म्हणजे या भांडणात रोम मामेबहिणीच्या बाजूने.

*

खूण बदलली तरी गणित बदलत नाही. बदलतं ते तोंड.

मंदाक्रांता घ्या. सतरा अक्षरं: आधी चार गुरू, मग पाच लघू आणि एक गुरू, मग उरलेली सात. ते मधले पाच लघू म्हणजे मराठीची परीक्षा. 'कमल' हा शब्द वृत्तात तीन लघू मोजतो. बोलताना आपण शेवटचा अकार गिळतो आणि 'कमल्' म्हणतो. मग लघू एकच राहतो आणि उरलेलं गुरू होऊन बसतं. म्हणून मराठी माणूस वृत्तातली मराठी कविता म्हणू लागला की त्याचे शब्द मराठी असतात, उच्चार काशीचे.

तेलुगूला ही अडचण कमी. ती स्वतःला अजंत भाषा म्हणवते. तिचे शब्द स्वराने संपतात आणि ते स्वर बोलण्यातही टिकतात. पंधराव्या शतकातल्या पोतनाने संस्कृत भागवत तेलुगूत आणलं. त्यातली गजेंद्रमोक्षाची पद्यं, वृत्तबद्ध आणि समासांनी लगडलेली, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला पाठ असू शकतात. आमच्याकडच्या तशाच माणसाला ओवी पाठ असते, अभंग पाठ असतो, वामनपंडित नसतो. यात भक्ती कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. जिभेचा आहे.

(मनाचे श्लोक अपवाद. भुजंगप्रयात त्यांच्यामुळे अंगणात आलं. अपवाद मोठा आहे, तो कंसात घालून लहान होत नाही हे मला कळतं.)

*

एकाच इंग्रजी पिढीतली दोन माणसं. रिचर्ड स्टॅनिहर्स्ट, डब्लिनचा, जन्म १५४७, मृत्यू १६१८. थॉमस स्टीफन्स, विल्टशायरचा, जन्म १५४९ च्या सुमाराचा, मृत्यू १६१९. दोघेही कॅथलिक, दोघांनीही धर्मापायी देश सोडला. त्या काळच्या शिकलेल्या माणसासारखे दोघेही लॅटिनवर वाढलेले. व्हर्जिल आणि ओव्हिड हेच तेव्हाचं शिक्षण.

स्टॅनिहर्स्टने १५८२ साली हॉलंडमधल्या लायडन गावी 'इनीड'चे पहिले चार सर्ग इंग्रजीत छापले. त्याचा हट्ट असा की व्हर्जिलचा छंदही तसाच आणायचा: सहा गणांची ओळ, दीर्घ आणि ऱ्हस्व अक्षरांच्या हिशेबावर चालणारी. लॅटिन भाषेत अक्षर खरोखर लांब किंवा आखूड असतं. इंग्रजीत अक्षरावर जोर पडतो किंवा पडत नाही. लांबी तिथे दुय्यम. स्टॅनिहर्स्टने नियम केले, शब्दांची स्पेलिंगं ताणली, आवाजासाठी शब्द घडवले. समकालीन लेखक हसले आणि चारशे वर्षं हसणं चालू आहे. सिडनी आणि कँपियन यांनीही लॅटिन मात्रांचे प्रयोग केले. ते मोठे कवी असल्यामुळे त्यांची हार सन्मानाने नोंदली गेली.

स्टीफन्स १५७९ साली गोव्याला उतरला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्याने कळवलं. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला मोह किती पडला असेल! दीर्घ-ऱ्हस्वाचा हिशेब जाणणारी भाषा समोर, पाठीशी व्हर्जिल, सांगायला बायबल. त्याने ओवी घेतली. हजारो ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला रोमी लिपीत छापलं, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांनी. लोक तो गात होते, उतरवून घेत होते. १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी तो नव्याने छापला.

स्टीफन्सने मराठीची थोरवी गायली ते सगळ्यांना ठाऊक असतं. थोरवी गाणं सोपं आहे. परक्या भाषेत लिहिताना आपल्या पाठांतराला बाजूला बसवणं अवघड.

*

स्टॅनिहर्स्टच्याही आधी सरीचा अर्ल हेन्री हॉवर्ड याने 'इनीड'चे दोन सर्ग इंग्रजीत केले होते, दुसरा आणि चौथा. १५४७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. भाषांतर मागाहून छापलं गेलं. त्याने व्हर्जिलचा छंद सोडला. यमकही सोडलं. दहा अक्षरांची, जोर देत चालणारी मोकळी ओळ धरली. इंग्रजीत निर्यमक ओळ इथून सुरू झाली. मार्लोने ती रंगभूमीवर गाजवली, शेक्सपिअरने तिच्यात राजे आणि विदूषक बोलवले, मिल्टनने तिच्यात स्वर्ग-नरक मावेल एवढी जागा काढली.

व्हर्जिलचा छंद इंग्रजीला पेलला असता तर हॅम्लेट कशात बोलला असता?

*

आमच्याकडे हा प्रसंग वेगळ्या क्रमाने घडला. आधी ज्ञानेश्वर आले. गीतेच्या सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या, शके १२१२. संस्कृत अनुष्टुभाची त्यांनी नक्कल केली नाही. ओवीचे तीन चरण यमकाने धावतात, चौथा आखूड, बिनयमकाचा. सप्ताहात पारायणाला बसलं की कळतं, त्या आखूड चरणावर सगळा मंडप एकदम श्वास घेतो. श्वासाची जागा अर्थात असावी लागते, ज्ञानेश्वरांची असते.

मग चारशे वर्षांनी वामनपंडित आले आणि त्यांनी समश्लोकी गीता केली: श्लोकास श्लोक. कारागिरी अस्सल. पण ते समश्लोकी करून थांबले नाहीत. गीतेबद्दल त्यांना स्वतःला जे म्हणायचं होतं त्यासाठी त्यांनी 'यथार्थदीपिका' लिहिली, हजारो ओव्यांची. ज्याला लोकांनी यमक्या वामन म्हटलं तोदेखील स्वतःचं मत सांगायला ओवीकडे गेला. त्यांच्या समश्लोकीवर माझ्याकडून दुसरी टीका नको.

*

विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना. मुलाने तिला वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही अवघड वाटली. मग ती म्हणाली, तूच का नाही लिहीत? ती १९१८ साली गेली. गीताई लिहिली गेली १९३०-३१ मध्ये आणि छापली गेली १९३२ मध्ये, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते.

गीताईची ओळ पाहा. अनुष्टुभाची चाल ठेवली आहे, पण कडक इस्त्री काढून टाकली आहे. यमक नाही. शब्द घरातले. विनोबांनी दोन्हीकडची करोडगिरी चुकवली: संस्कृतची वृत्ताची आणि मराठीची यमकाची. एका बाईला कळलं पाहिजे ही एकच अट होती, आणि ती बाई वाचायला हयात नव्हती. भाषांतराला इतका कडक परीक्षक क्वचित मिळतो.

सरीची ओळ आणि गीताईची ओळ मला सख्ख्या वाटतात. फरक पुढे पडला. सरीच्या ओळीला मार्लो मिळाला. गीताईच्या ओळीत दुसऱ्या कोणी राजे-विदूषक बोलवले नाहीत. ती वर्ध्याजवळ गोपुरीला शिळांवर कोरली गेली. कोरलेल्या ओळीत कोण खोडाखोड करणार?

*

ड्रायडनने १६८० साली ओव्हिडच्या भाषांतराला प्रस्तावना लिहिताना तीन वाटा सांगितल्या: शब्दाला शब्द, अर्थाला अर्थ, आणि अनुकरण, म्हणजे मूळ कवी आज इथे असता तर त्याने काय लिहिलं असतं ते लिहिणं. स्वतः ड्रायडन मधल्या वाटेचा. तिसरी त्याला धोक्याची वाटे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इंग्रजीतली उत्तम कामं त्याच तिसऱ्या वाटेने आली.

पोपने १७३० च्या दशकात होरेसची अनुकरणं छापली आणि समोरच्या पानावर मूळ लॅटिन ठेवलं. चोर सापडू नये म्हणून धडपडतो; पोपने मुद्देमाल शेजारी मांडून ठेवला. वाचकाने डावीकडे होरेस पाहावा, उजवीकडे पोप पाहावा, आणि मधल्या अंतराला हसावं.

सॅम्युअल जॉन्सनने १७३८ साली 'लंडन' लिहिलं. जुव्हेनालच्या तिसऱ्या उपरोधिकेतलं रोम काढून लंडन घातलं, रोममध्ये घुसलेल्या ग्रीकांच्या जागी फ्रेंच बसवले. दहा गिनी मिळाल्या. १७४९ मध्ये दहावी उपरोधिका घेतली. तिथे सेजानसच्या जागी कार्डिनल वुल्झी आणि हॅनिबलच्या जागी स्वीडनचा बारावा चार्ल्स. जुव्हेनाल हसून चावतो. जॉन्सन हसत नाही. त्याला पडलेल्या माणसाची कीव येते. अनुकरणात स्वभाव लपत नाही. उलट मूळ समोर असल्यामुळे तेवढाच दिसतो.

*

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणलं. कालिदासाचे श्लोक त्यांनी साकीत ओतले, दिंडीत ओतले, चालींवर बसवले. पंडिताला यात उणं दिसेल. पण दुष्यंत मराठीत गाऊ लागला तो त्या दिवशी. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंझारराव केला. नाव बदलणं ही अनुकरणाची पहिली पायरी. राग बदलणं ही शेवटची. झुंझाररावाचा राग मराठी आहे का, हा प्रश्न नाटक संपल्यावरही राहतो.

*

श्रीनाथ हा पोतनाच्या काळातला दुसरा मोठा तेलुगू कवी. त्याने श्रीहर्षाचं 'नैषध' तेलुगूत केलं. आख्यायिका अशी की संस्कृत पंडितांनी ते ऐकून म्हटलं: तुमचे डु, मु, वु, लु हे प्रत्यय परत घ्या आणि आमचं नैषध आम्हाला परत द्या. इतके संस्कृत शब्द त्यात.

हैदराबादकडच्या तेलुगू मित्रांना ही गोष्ट श्रीनाथाच्या फजितीची वाटत नाही. ते ती अभिमानाने सांगतात: बघा, आमची भाषा नुसत्या प्रत्ययांवर नैषध पेलते. त्याच नळाच्या कथेवर रघुनाथपंडिताने मराठीत 'नलदमयंती स्वयंवर' केलं. त्याच्याबद्दल असं कोणी म्हणालं नाही, कारण त्यातला हंस मराठी बोलतो. तेलुगू मित्रांना हे पटत नाही. त्यांना हंसाने संस्कृत बोललेलं चालतं.

*

आता माझ्या मताच्या आड येणारा दाखला, आणि तो खुद्द लॅटिनचा.

लॅटिन कवितेचा आरंभ भाषांतराने झाला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लिव्हियस अँड्रोनिकस नावाच्या ग्रीक माणसाने 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणली. त्याने होमरचा छंद घेतला नाही. रोमचा जुना गावठी छंद घेतला, सॅटर्नियन. माझ्या हिशेबाने याच्यातून महाकवी निघायला हवा होता. निघाला नाही. त्याच्या थोड्या सुट्या ओळी उरल्या आहेत. पुढे एनियस आला, त्याने सरळ ग्रीकांचा सहा गणांचा छंद उचलला, आणि दीडेकशे वर्षांत त्याच छंदात व्हर्जिल झाला. उसना छंद घरचा झाला, घरचा छंद परका होऊन मेला. होरेसने तर ग्रीक गीतांचे छंद इटलीत आणले हीच आपली अमर कामगिरी मानली. कॅटलसने सॅफोची कविता भाषांतरित केली तीही तिच्याच छंदात.

तेव्हा छंद सोडला की कविता जगते, असं म्हणता येत नाही. लॅटिनचं तोंड ग्रीकसारखं लांब-आखूड मोजू शकत होतं म्हणून तिला ते जमलं. तेलुगूला याच कारणाने संस्कृत जमलं. इंग्रजीला जमलं नाही आणि त्यातून तिचं भलं झालं. मराठी मध्येच अडकली: कागदावर जमतं, बोलण्यात निम्मं गळतं. जे अगदीच जमत नाही ते माणूस लवकर सोडतो. जे निम्मं जमतं ते पिढ्यान् पिढ्या घासत बसतो.

*

रोनाल्ड स्टॉर्स हा इंग्रज अधिकारी एके काळी जेरुसलेमचा लष्करी गव्हर्नर होता. होरेसच्या एका छोट्या कवितेची, पिऱ्हा नावाच्या मुलीवरच्या सोळा ओळींची, जगभरची भाषांतरं तो गोळा करत असे. त्याच्या मृत्यूनंतर १९५९ साली त्यांतली १४४ पुस्तकरूपाने आली. मिल्टनचं भाषांतर त्यांतलं प्रसिद्ध.

आमचं पिऱ्हा म्हणजे मेघदूत. कृष्णशास्त्री चिपळूणकर, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके. शास्त्री, प्रशासक, कवी, कवयित्री. सगळ्यांनी त्या एकाच ढगाला पत्ता सांगितला. पाच चांगली भाषांतरं असण्याचा अर्थ सहाव्याला जागा आहे असाच होतो. सर्वोत्तम भाषांतर कुठलं हे विचारणारा बहुधा मूळ वाचणं टाळत असतो.

*

माधव जूलियनांनी उमर खय्याम दोनदा मराठीत आणला. १९२९ मध्ये फारसीवरून, १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून, 'द्राक्षकन्या' म्हणून. छंदांवर 'छंदोरचना' लिहिणारा, फारसीचा प्राध्यापक, मूळ हाताशी असलेला माणूस. त्याला मुळानंतर अनुकरणाचंही भाषांतर करावंसं वाटलं. फिट्झजेराल्डला याहून मोठं प्रशस्तिपत्र फारसीच्या जाणकाराकडून मिळालं नसेल.

*

आदिलाबादच्या गोंडांची पुराणकथा सांगतात ते परधान. हाताशी किंगरी. परधानांची घरची भाषा मराठी, यजमानांची गोंडी. आपल्या नसलेल्या भाषेतलं दैवत पिढ्यान् पिढ्या सांभाळणारी ही माणसं आहेत, आणि भाषांतरावरच्या कुठल्याही चर्चासत्रात त्यांचं नाव निघत नाही. स्टीफन्सला मात्र ती गंमत कळली असती.

*

व्हर्जिल मराठीत पद्यात करायचा झाला तर कशात करावा? शार्दूलविक्रीडिताचं नाव आधी निघेल, कारण ते भारदस्त वाटतं. मी ओवी म्हणेन. ट्रॉय जळतं आहे, मुलगा म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघाला आहे: तीन चरण चालून चौथ्यावर थांबणारी ओवी हे ओझं नीट वाहील. शिवाय कथा लांब आहे, आणि लांब कथा ऐकवायची आमची सवय ओवीचीच.

होरेस ओवीत येणार नाही. ओवी ऐसपैस बसते. होरेस उभ्या उभ्या बोलून निघून जातो. त्याला आर्या बरी. मोरोपंतांनी तिला बारामतीत बसून कमी जागेत वळायला शिकवलेलंच आहे. पण मग पंतांची यमकं काढावी लागतील, नाहीतर होरेस कीर्तनाला उभा राहिल्यासारखा वाटेल. आणि यमक काढलेल्या आर्येला सदाशिव पेठेत कोणी आर्या म्हणेल की नाही, याची मला दाट शंका आहे.